उसाच्या बिलावर मॉरिशस, पण ऊस बघायचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मॉरिशसवर अख्खी दोन पानं आली. पाण्यात पाय सोडून बसलेलं जोडपं, मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण, खोलीच्या दारातच पोहायचा तलाव, आणि खाली टूरवाल्यांच्या जाहिराती. लेख वाचून झाल्यावर मी सौ.ना हाक मारली आणि म्हटलं, "बघ, आपण गेलो हुतो ते हे गाव न्हवं." दोन पानांत 'निळाशार' हा शब्द नऊ वेळा आला आहे, मी मोजला. 'ऊस' एकदाही नाही. आणि हे कोल्हापूरच्या पेपरात!

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात चौतीस वर्षं काढली. चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, म्हणून लागलो, शेती अधिकारी म्हणून बाहेर पडलो. करवीर तालुक्यात घरची साडेतीन एकर आहे, त्यात आडसाली लागण आणि खोडवा. ऊस सोडून मला दुसरं फारसं काही कळत नाही, तेव्हा या पत्रात तेच येणार.

दिवाळी झाली आणि पुण्याच्या मुलानं आम्हा दोघांना मॉरिशसला धाडलं. सहा रात्री, दोघांचे मिळून साडेचार लाख. आकडा त्यानं सांगितला नव्हता, सौ.नी सुनेकडून काढून घेतला आणि मग दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मुंबईहून सहा-सात तासांचं विमान. घड्याळ दीड तास मागं करायचं. पश्चिम किनाऱ्यावरचं पंचतारांकित हॉटेल, आणि गेल्या गेल्या मनगटावर एक पट्टा बांधला, आपल्या सीपीआर दवाखान्यात पेशंटला बांधतात तसला. हा पट्टा असला की खाणं, पिणं, मसाज, होडी, सगळं फुकट. म्हणजे आधीच भरलेलं. त्या पट्ट्याचा दुसरा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला: पट्टा बांधलेल्या माणसाला हॉटेलच्या फाटकाबाहेर जायचं काही कारणच उरत नाही.

खोलीबद्दल तक्रार नाही. गादी उत्तम, न्याहारीला चाळीस पदार्थ. आमच्या टूर मॅनेजरनं रोज रात्री वरण-भात आणि पिठलंही दिलं. सौ.नी नेलेला कांदा-लसूण मसाला उघडायची वेळ आली नाही, आणि नेमकं तेच त्यांना खटकलं. "एवढ्या लांब येऊन पिठलंच खायचं तर आपलं घर काय वाईट हुतं?"

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि हॉटेल पश्चिमेला, त्यामुळं बसनं बेट ओलांडावं लागतं. बेट आहेच केवढं? 1,865 चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून जरासं लहानच. बसमध्ये सगळे फोनवर होते. मी खिडकीतून बघत होतो आणि मला गाव सोडल्यासारखंच वाटेना. दोन्ही बाजूंना ऊस. काही फड तुटलेले, काही उभे. तिथं हंगाम जूनला सुरू होऊन डिसेंबरात संपतो. आपल्याकडं चिमण्या पेटायच्या वेळेला त्यांचा गाळप आवरत आलेला असतो. कोयता फारसा दिसला नाही, तोडणीची यंत्रं दिसली. आणि फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. ढीग म्हणजे बांधावर फेकलेले धोंडे नव्हेत, टप्प्याटप्प्यानं रचलेले, पन्हाळ्याच्या बुरुजासारखे. मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "काका, ते काही नाही, दगड आहेत."

ते बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. जमीन म्हणजे काळा दगड आणि त्यात अधूनमधून माती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचा. तो हातांनी कुणीतरी वेचला, डोक्यावरून वाहिला आणि शेताच्या मधोमध रचला. ज्यानं आयुष्यात एक एकर जरी खडकाळ रान मोकळं केलंय, त्याला त्या ढिगांसमोर 'काही नाही' म्हणवणार नाही.

दोन नोव्हेंबरला कार्यक्रमपत्रिकेत 'शॉपिंग' लिहिलं होतं. राजधानी पोर्ट लुईला नेलं, तर दुकानं बंद. सरकारी सुट्टी. मॅनेजर कावराबावरा, बायका नाराज. सुट्टी कशाची ते त्यालाच ठाऊक नव्हतं. ते आम्हाला बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तोवर तो आमच्याशी हिंदीतून बोलत होता. म्हणाला, "अंकल, आज के दिन हमारे लोग आये थे." 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदुस्थानी मजूर या बेटावर उतरले. फेब्रुवारी 1835 मध्ये तिथं गुलामी बंद होणार हे ठरलेलं होतं. साखर मात्र बंद व्हायची नव्हती, म्हणून मळेवाल्यांनी आधीच करारावर माणसं आणायला सुरुवात केली. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख. बहुतेक भोजपुरी मुलखातले, खूपसे तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले. आपले म्हणजे मराठी.

ड्रायव्हर त्यांतलाच. कास्काव्हेल गावचा. त्याच्या आडनावाच्या शेवटी 'जी' आहे, कारण बोटीवरून उतरताना कारकुनानं पणजोबाचं नाव लिहून घेतलं आणि तेच पुढं आडनाव झालं. घरात बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली भाषा. मराठी तो शाळेत शिकला, तिथं ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. आमच्याशी सलग दोन वाक्यं बोलायची त्याला लाज वाटत होती, पण गणपतीची आरती त्यानं सौ.च्या बरोबरीनं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटली, गाडी चालवत. मधे कुठं अडला नाही, उलट एके ठिकाणी सौ.च अडल्या. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे मला साठाव्या वर्षानंतर मॉरिशसच्या बस ड्रायव्हरकडून कळलं. 1896 पासून तिथं गणपती बसतो असं तो सांगत होता, म्हणजे टिळकांनी इकडं सुरू केल्यावर तीनेक वर्षांतच. त्यांच्या मिरवणुकीत 'झाकरी' नाचतात. ऐकल्यावर वाटलं, ही तर कोकणातली जाखडी. समुद्र ओलांडताना तिचा एक अक्षरभर आवाज बदलला, एवढंच.

बाकीची मंडळी बसमध्येच वातानुकूलित हवेत बसली. आम्ही दोघं त्याच्याबरोबर रस्त्यावर उतरलो. एका सायकलवाल्याकडं त्यानं ढोल पुरी घेऊन दिली. ती जोडीनंच देतात, एक मागायची पद्धत नाही. आत वाटलेली डाळ, वरून घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. सौ.नी एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "ही पोळी हाय ओ! गूळ घालायचा इसरलाय." तिथंच पुढं एका चिन्याकडं नूडल्स, त्याच्या पलीकडं मुसलमानाची बिर्याणी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच क्रिओल. चाळीस पदार्थांच्या न्याहारीत या रस्त्यावरचा एकही पदार्थ नव्हता. सौ.नी त्या दिवशी चार पुऱ्या खाल्ल्या आणि संध्याकाळी पिठल्याला नाही म्हणाल्या.

मग तो आम्हाला बंदरावर घेऊन गेला. तिथं आप्रवासी घाट आहे, बोटीनं आलेले हे मजूर उतरायचे ती जागा, 2006 पासून जागतिक वारसा यादीत. त्या दिवशी मोठी सरकारी मंडळी येऊन गेली होती, फाटक बंद झालं होतं, लांबून फक्त फुलं दिसली. दुसऱ्या दिवशी आमची कॅटामरान होती, म्हणजे दोन बुडांची शिडाची मोठी होडी, त्यावर जेवण आणि गाणी. मी मॅनेजरला म्हटलं, आम्ही होडीत येत नाही, आम्हाला परत घाटावर जायचंय. तो म्हणाला, "काका, तिथं नुसत्या पायऱ्या आहेत, आणि होडीचे पैसे परत मिळणार नाहीत." मिळाले नाहीतच. टॅक्सी वेगळी करून आम्ही गेलो. घाटाला तिकीट नाही.

खरंच नुसत्या पायऱ्या आहेत. सोळा. काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या, कडेला आदल्या दिवशीची फुलं सुकत पडलेली. बोटीतून उतरलेला प्रत्येक जण या पायऱ्या चढून वर यायचा. वर खोल्यांचे अवशेष आहेत: आंघोळीची जागा, स्वयंपाकाची, आजाऱ्यांची. नोंद व्हायची, नंबर मिळायचा, पुढं फोटोही काढायला लागले. मग मळ्यावर रवानगी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. आत त्याचं छोटं संग्रहालय आहे. तिथं मी एका गोष्टीपाशी थांबलो आणि सौ. पुढं निघून गेल्याचं मला कळलंही नाही.

'डबल कट'. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा.

संपादक महाशय, ज्यानं आपल्याकडं ऊसतोडणीच्या टोळ्या हाताळल्यात त्याला याचा मराठी शब्द माहीत आहे. खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. एक दिवस फडात नाही आलं तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. मुकादमाची वही माझ्यासमोर शेकडो वेळा उघडली गेली आहे. एका हंगामात खुपिऱ्याच्या शिवारात बीडकडची टोळी होती. एका बाईचं पोर तापानं फणफणलं होतं, ती दोन दिवस खोपीतून बाहेर पडली नाही. मुकादमानं माझ्यादेखत दोन खाडे मांडले. मी बघितलं, आणि 'गाडी भरली का?' एवढंच विचारलं. कारखान्याला टनेज पाहिजे होतं, मला माझा गट वेळेत संपवायचा होता. हे मी आजवर घरात सांगितलं नव्हतं. तिथं संग्रहालयातल्या बाकावर बसून सौ.ना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, "त्या पोराचं पुढं काय झालं?" मला माहीत नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे. कोल्हापुरातून मॉरिशस, बाली, फुकेतला ज्या महागड्या सहली जातात, त्यांतल्या कितीतरी उसाच्या बिलावर जातात. आमच्याच बसमधल्या सोळांपैकी सात जणांचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जात होता, मी विचारून घेतलं. आपण उसाच्या पैशानं, उसासाठी वसवलेल्या बेटावर जातो, उसाच्या रानातून बसनं तासभर जातो आणि समुद्र बघून परत येतो. आपली पुरवणी याला 'जीवनशैली' म्हणते. टूरवाल्यांना मी फार दोष देत नाही, गिऱ्हाईक मागतं ते ते देतात. पण ज्या सहा दिवसांत मगरी बघायला वेळ होता, रंगीत माती बघायला होता, दोन वेळा खरेदीला होता, त्यांत या सोळा पायऱ्यांना अर्धा दिवस नसावा? आणि गिऱ्हाइकानं ते मागावं यासाठी आधी त्याला ते ठाऊक पाहिजे, तिथं पेपरचं काम येतं.

रंगीत मातीवरून आठवलं. ती जिथं आहे त्या शामारेलहून येताना ल मॉर्नचा डोंगर दिसतो, समुद्रात घुसलेला, उभ्या कड्याचा. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथं लपून राहायचे. तोही 2008 पासून जागतिक वारशात आहे. पायथ्याला आता तारांकित हॉटेलं आहेत. आमच्या गटानं तिथं सेल्फी काढले, मीही काढला, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

हॉटेलात एका रात्री सेगा नाच झाला. झगमगीत घागरे घालून मुली नाचल्या आणि आम्हा म्हाताऱ्यांनाही ओढून नेलं. मला मात्र नाचापेक्षा आधीची गडबड आवडली. बाजूला वाळूत जाळ करून एक माणूस 'रावान' शेकत होता. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं चपटं वाद्य. ते शेकल्याशिवाय वाजत नाही. आपला हलगीवाला तालमीच्या बाहेर कागद पेटवून हलगी शेकतो, अगदी तसं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, खुणेनं मागून घेतली आणि दोन ठोके मारले. तो खूश झाला. हे गुलामांचं वाजवणं. 2014 मध्ये युनेस्कोनं पारंपरिक सेगाला मानवजातीच्या वारशात घेतलं, हे मी नंतर वाचलं. हॉटेलच्या पत्रकात त्याला 'मनोरंजन रात्र' म्हटलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या खात्यातल्या लोकांना ती आवडेल. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. सरकारची यंत्रणा पोचायच्या आधी लोक माएबूरच्या किनाऱ्यावर जमले आणि त्यांनी तेल अडवायला तरंगते बांध केले. कशाचे? पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचे. कापडाच्या, जाळीच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि दोरीनं समुद्रात सोडल्या. आमचा ड्रायव्हर तीन दिवस तिथं पिशव्या भरत होता. मी चौतीस वर्षं 'पाचट जाळू नका, कुजवा' म्हणून गावोगाव घसा कोरडा केला. पाचटानं समुद्र अडवता येतो हे तेव्हा माहीत असतं, तर सभेला चार माणसं जास्त जमली असती.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आप्रवासी घाट पोर्ट लुईच्या बंदरावर आहे, कोडानच्या दुकानांपासून चालत जाता येतं. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. उत्तरेला बो प्लाँ इथं बंद पडलेल्या साखर कारखान्यात साखरेचं संग्रहालय केलंय, ते कारखान्याच्या माणसानं बघितलंच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात त्या एवढ्याशा बेटावर दोनशेच्या वर गाळप घाणे होते, आज तीन कारखाने उरलेत. शेवटी चमच्यानं वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. त्यातली सर्वांत काळी, मस्कोवाडो, तोंडात टाकली आणि मला गुऱ्हाळावरच्या काहिलीच्या कडेची खरवड आठवली. आपल्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शाहू मार्केट यार्डात पाहुण्याला बसवून चव देणारी अशी एक खोली अजून नाही. अशीच एक खोली इथं करावी, यावर मी वेगळं पत्र लिहीन. आणि तिथले समुद्रकिनारे भरतीच्या रेषेपर्यंत कायद्यानं सगळ्यांचे आहेत. हॉटेलसमोरच्या वाळूवर स्थानिक माणसं रविवारी डबे घेऊन बसतात, आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली. त्यांच्याकडं पट्टा नव्हता, जागा त्यांची होती.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. निघायच्या दिवशी ड्रायव्हरनं मला एका कागदाची झेरॉक्स दिली. मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या सगळ्या मजुरांची जुनी दप्तरं ठेवली आहेत, तिथून त्यानं पणजोबाची नोंद काढून आणली होती. वय बावीस. बंदर मुंबई. जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यात इंग्रजीत के, यू, आर, एल आणि पुढं शाईचा डाग. त्यानं विचारलं, "अंकल, ये कौन सा गाव होगा?" जुने कारकून 'अ'साठीही यू लिहायचे, म्हणजे ते रत्नागिरीजवळचं कर्ला असेल, किंवा मग कुर्ली. निपाणीजवळ एक कुर्ली आहे, पण जिल्हा रत्नागिरी म्हटल्यावर ती नव्हे. वैभववाडी तालुक्यातली कुर्ली मात्र बसते, कारण 1981 पर्यंत सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता. गगनबावड्याचा घाट उतरला की तो मुलूख लागतो, आणि कोल्हापुरात तिकडची कितीतरी घरं स्थायिक आहेत.

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरात, भावकीत, 'एक जण बोटीनं उसाच्या देशाला गेला तो परत आला नाही' अशी गोष्ट कुणी सांगत असेल, तर कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावं. झेरॉक्स मी सोबत जोडली आहे. डाग तिच्यातही आहेच, पण उजेडात धरली की शेवटी एक वेलांटीसारखं काहीतरी दिसतं, असं सौ.चं म्हणणं आहे. इंग्रजीत वेलांटी नसते हे मी त्यांना सांगून बघितलं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शेती अधिकारी
ता. करवीर, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. खुपिऱ्याचा मजकूर मात्र गाळू नये.)